साडूची मागची खोली

प्लंबर मनाने वाईट नव्हता. कुणाच्या घरी नळ फुटला की ताटावरून उठून निघणारा माणूस तो. जगात कुणाचंही भलं झालं तर त्याला आनंदच व्हायचा, फक्त एका माणसाचं भलं त्याला सोसायचं नाही. आणि नशीब असं, की तो माणूस त्याचा साडू निघाला.

साडूचं चष्म्यांचं दुकान होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे नात्याने लहान, आणि तरी सासरी सगळीकडे त्याचंच कौतुक. धाकटे जावई किती हळू बोलतात, धाकटे जावई किती नीटनेटके. थोरल्या जावयाची आठवण मोरी तुंबली की व्हायची. प्लंबरच्या नखांतला काळा थर साबणाने, घासणीने, कशानेही जायचा नाही. चष्मेवाल्याच्या हाताला लागायचं ते फक्त काच पुसायचं मऊ फडकं. जेवायला एकत्र बसले की प्लंबर आपले हात शक्य तितके ताटाखाली ठेवायचा, आणि बिनहाताने जेवता येत नाही म्हणून आणखी चिडायचा.

दोघंही बंधुमंडळाचे सभासद होते. निरनिराळ्या धंद्यांतल्या लोकांनी पूर्वी कधीतरी एकत्र येऊन काढलेली ही संघटना. एकमेकांना बंधू म्हणायचं, अडीनडीला धावून जायचं, आणि वर्षातून एकदा, सभासदांपैकी कुणी लोकांच्या उपयोगाचं काही करत असेल तर त्या कामाला अनुदान द्यायचं. ज्याच्या कामाला ते मिळे त्याचं नाव सभागृहातल्या लाकडी फलकावर सोनेरी रंगात लिहिलं जाई. चष्मेवाल्याचं नाव तिथे आधीच होतं, शाळेतल्या पोरांचे डोळे फुकट तपासले म्हणून. प्लंबर प्रत्येक सभेत त्या फलकाकडे पाठ करून बसायचा. मान अवघडली तरी चालेल, पण ते नाव डोळ्यांत खुपायला नको.

या वर्षी मात्र त्याने स्वतः अर्ज केला होता. एकटी राहणारी म्हातारी माणसं न्हाणीघरात घसरून पडतात, हाडं मोडून घेतात. अशांच्या घरी तो कामावरचे उरलेले पाइप कापून, वाकवून, आधाराचे दांडे बसवून द्यायचा. काम खरोखर चांगलं होतं, पण उरलेल्या पाइपांवर किती दिवस चालणार? वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या वाढत होत्या. अनुदान मिळालं तर सगळ्यांच्या भिंतीला दांडे लागले असते. आणि फलकावर नाव लागलं असतं, हे तो कुणाला बोलून दाखवत नव्हता इतकंच. दोन्हींपैकी त्याला जास्त काय हवं होतं, हे विचारायची सोय नव्हती.

मग कळलं की साडूनेही अर्ज केलाय. डोळे गेलेल्या माणसांना वाचून दाखवायचं काहीतरी, दुकानाच्या मागच्या खोलीत, मंगळवारी दुकान बंद असतं तेव्हा. प्लंबरच्या अंगाचा तिळपापड झाला. एकदा नाव लागलंय ना फलकावर? पोट भरत नाही का या माणसाचं? हे सगळं त्याने बायकोला ऐकवलं. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. साडूचा विषय निघाला की ती नेहमीच अशी गप्प व्हायची, आणि तिचं गप्प बसणं म्हणजे आपल्याला दुजोरा, असं प्लंबरने लग्न झाल्यापासून धरून ठेवलं होतं.

मंडळाची एक जुनी रीत होती. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं जग म्हणतं. मंडळाने त्याचाच नियम करून टाकला होता. स्वतःच्या कामाबद्दल कुणी स्वतः बोलायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याच्या हाती ज्याचा अर्ज येईल त्याने न कळवता जाऊन ते काम बघायचं आणि सभेत फक्त डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. सांगून झालं की, काम पटलं असेल तर, अध्यक्षांच्या टेबलावर उजवा हात टेकवायचा. हात टेकला तरच अर्ज मताला जायचा. नुसता जागेवर येऊन बसला, तर अर्ज तिथेच संपला. कारण विचारायची पद्धत नव्हती.

चिटणिसांनी टोपी पुढे केली, प्लंबरने चिठ्ठी उचलली, आणि ती साडूची निघाली.

चिटणीस जरा घुटमळले. नातं आहे, हवं तर बदलू या, म्हणाले. त्यावर चष्मेवाला आपल्या त्या हळू आवाजात सगळ्यांदेखत म्हणाला, "राहू द्या की. साडूभाऊ खोटं बोलायचे नाहीत."

प्लंबरला वाटलं, यापेक्षा यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी तो निघाला तो खुसपटं काढायच्या तयारीनेच. पुढचं दार टाळून गल्लीतून मागे गेला. मागची तुंबलेली मोरी त्यानेच एकदा मोकळी करून दिली होती, त्यामुळे वाट माहीत होती. त्या कामाचे पैसे घ्यायला साडूने किती आग्रह केला होता, तेही त्याला आठवलं आणि पुन्हा राग आला. दाराशीच पहिलं खुसपट सापडलं. पायरी उंच, आणि धरायला काही नाही. आत खुर्च्या एकीसारखी दुसरी नाही, लोकांकडून मागून आणलेल्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, साडू स्वतः तिथे नव्हताच. पुढे दुकानात तो चहाचे पेले विसळत होता, ते अर्ध्या पडद्यातून दिसत होतं. म्हणजे नाव याचं आणि काम दुसऱ्याचं. प्लंबरला बरं वाटलं. खूप दिवसांनी इतकं बरं वाटलं.

मग वाचणारीचा आवाज त्याच्या कानावर आला.

एका खुनाची गोष्ट चालली होती. घरमालक घोगऱ्या आवाजात दरडावत होता, मोलकरीण रडत रडत खोटं बोलत होती, आणि फौजदाराला सर्दी झाली होती. सगळे आवाज एकाच बाईचे. समोर बसलेली म्हातारी माणसं पुढे झुकून ऐकत होती. फौजदार शिंकला की हसत होती. बाई उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून बसली होती, दाराकडे तिची पाठ होती. पण पाठ ओळखायला नवऱ्याला काय वेळ लागतो?

त्याची बायको मंगळवारी शिवणाच्या वर्गाला जायची. निदान तो तसं समजत होता. दोन वर्षांत त्या वर्गातून घरी उशीचा एक अभ्रा आला नव्हता, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. साडूच्या दारात नवी गाडी आली तेव्हा मात्र त्याला त्याच दिवशी तिचा रंगसुद्धा कळला होता.

तो दाराजवळच्या खांबाआड एका खुर्चीवर बसला. घरात ती कामापुरतं बोलायची. हे घोगरे, रडके, शिंकणारे आवाज तिच्या गळ्यात होते, आणि ते साडूच्या मागच्या खोलीत निघत होते. आजवर त्याने साडूच्या दुकानाचा, गाडीचा, मऊ हातांचा हेवा केला होता. आज त्याला या मोडक्या खुर्च्यांचा हेवा वाटला.

शेजारी एक म्हातारा घड्याळजी बसला होता. दृष्टी गेलेली, कान तिखट. कुणीतरी नवीन आलंय हे त्याने बरोबर हेरलं आणि कुजबुजत म्हणाला, "बसा, बसा. फार छान वाचते ही बाई. थांबत नाही मात्र जास्त वेळ. घरी आजारी माणूस आहे तिच्या."

"काय झालंय त्यांना?" प्लंबरने आवाज दाबून विचारलं.

"ते काही सांगत नाही. जुनं दुखणं आहे म्हणते. दुसऱ्याचं चांगलं झालेलं कानावर पडलं की उसळतं. म्हणून तिने घरी सांगितलंच नाही इथलं." घड्याळजी जरा थांबला. "माणूस चांगला आहे म्हणते. नुसतं ते दुखणं नसतं तर."

खुनी कोण ते कळायच्या आधीच प्लंबर उठून गेला.

घरी तो तिच्या आधी पोचला. बायको आली, शिवण कसं चाललंय असं त्याने विचारलं, ती बरं चाललंय म्हणाली. भांडायला तोंड उघडावं तर म्हणणार काय? माझ्यापासून लपवलंस, म्हणावं, तर का लपवलं याचं उत्तर घड्याळजीने देऊन ठेवलं होतं. आणि साडूला मात्र सगळं ठाऊक! दोन वर्षं चांगलं ठाऊक, समोर बसून जेवला, आणि चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. तो विचार आला की प्लंबरच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

सभेचा दिवस आला. प्लंबरचं काम बघायला बेकरीवाला गेला होता. तो भला माणूस. एका आजीने दांडा धरून, उठून, बसून दाखवलं आणि मलाही तीनदा उठायला-बसायला लावलं, असं त्याने रंगवून सांगितलं, आणि टेबलावर थाडकन हात टेकवला. बाकीचे अर्ज आधीच गळाले होते. आता उरला फक्त साडूचा. प्लंबरने उठायचं, चार वाक्यं बोलायची आणि जागेवर येऊन बसायचं. म्हाताऱ्यांना दांडे, फलकावर नाव, आणि साडू गार. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

तो उठला. पायरी उंच आहे, म्हणाला. खुर्च्या मागून आणलेल्या आहेत. आणि आमचे बंधू स्वतः तिथे वाचत नाहीत. मी गेलो तेव्हा ते पेले विसळत होते.

सभेत थोडं हसू उठलं. अध्यक्षांनी विचारलं, "मग वाचतं कोण?"

"एक बाई," प्लंबर म्हणाला आणि अडकला.

"कोण बाई? मंडळाला कळायला हवं, काम कुणाच्या जिवावर चाललंय ते."

चष्मेवाला उभा राहिला. आपल्या अर्जावर स्वतः बोलायला बंदी होती, आणि बोललं तर अर्ज बाद, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याचा चेहरा उतरला होता. तो हात जोडून म्हणाला, "त्यांचं नाव विचारू नका. मी तसा शब्द दिलाय. हवं तर अर्ज मागे घेतो."

झालं. हाती येऊन पडलेलं अनुदान! प्लंबरने नुसतं खाली बसायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. दिलेल्या शब्दासाठी अर्ज सोडणारा साडू. सासूबाईंना कळणार, मेहुणी सांगणार, बायको तर काही न बोलता मनातल्या मनात त्याला ओवाळणार. आणि फलकावर आपलं नाव असेल, पण ते साडूने सोडलेलं असेल. जन्मभर. ते त्याच्याने गिळवेना. पुढे लोक त्याच्या या वागण्याला मोठं मन म्हणाले. खरं सांगायचं तर ते मन मोठंबिठं काही झालं नव्हतं. त्याला फक्त साडूला एवढं मोठं होऊ द्यायचं नव्हतं.

"खाली बसा तुम्ही," तो साडूवर खेकसला. मग अध्यक्षांकडे वळला. "माझी बायको वाचते तिथे. दोन वर्षं झाली. मला परवा कळलं."

अध्यक्ष जरा ओशाळले, आणि काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, वाचतात कशा?

प्लंबरला पाहिलेलंच सांगायचं होतं. "फौजदाराला सर्दी झाली होती," तो म्हणाला. "ती शिंकली, तर ती आंधळी माणसं हसली. मी लग्न झाल्यापासून तिच्याबरोबर राहतोय. मला ठाऊकच नव्हतं हो." आणि नखांत काळा थर असलेला तो उजवा हात त्याने टेबलावर टेकवला, सगळ्यांना दिसेल असा.

साडू बोलला तो कामाबद्दल नव्हे, दिलेल्या शब्दाबद्दल, असं म्हणून अध्यक्षांनी त्याचाही अर्ज मताला टाकला, आणि अनुदान साडूला मिळालं. म्हाताऱ्यांच्या दांड्यांसाठी पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. निघताना चष्मेवाला काही बोलायला जवळ आला, तेव्हा प्लंबर एवढंच म्हणाला, की त्या पायरीला दांडा नाही, कुणीतरी पडेल, उद्या येऊन लावतो, आणि पैसे द्यायचं नाव काढू नका.

घरी पोचेपर्यंत मेहुणीचा फोन येऊन गेला होता. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुम्ही आला होतात?" तिने विचारलं.

"हो."

"शेवटपर्यंत थांबला नाहीत."

"नाही." त्याने चप्पल काढली, पुन्हा सरळ करून ठेवली. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "खून कुणी केला? वाचून दाखव ना मला. इथे."

"इथे नाही मला येणार," ती म्हणाली. रागाने नाही, पाणी गरम नाही म्हणावं तशी. "मंगळवारी या तिकडे. वाचते मी तिथे."

मंगळवारी तो गेला. स्वतःच लावलेल्या दांड्याला धरून पायरी चढला, खांबाआड बसायला निघाला, आणि मग पुढे जाऊन घड्याळजीशेजारी बसला. साडूने आणलेला चहा घेतला. चहा चांगला होता, तेवढंही या माणसाला जमावं याचा त्याला राग आला. बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पान उलटलं आणि घरमालकाच्या घोगऱ्या आवाजात सुरुवात केली.

"आज ती घाईत दिसत नाही," घड्याळजी त्याच्या कानाशी कुजबुजला. "घरचं माणूस बरं झालं वाटतं."

प्लंबरने पडद्याआड पेले विसळणाऱ्या साडूकडे बघितलं.

"नाही हो," तो म्हणाला. "पण आता घराबाहेर पडतंय."