सोलांचा ओलावा

पेडण्याच्या सभागृहातल्या फळ्यावर मी ‘बिगर-जकाती उपाय’ असं लिहिलं, तेव्हा पहिल्या रांगेतले तपासणी अधिकारी सगुणबाब म्हणाले, “मॅडम, ह्यां नवां कसलां दुखणां?”

सगळे हसले, मीही हसले. गोवा घटक राज्य होऊन दहा वर्षं झाली होती, जागतिक व्यापाराचा नवा करार आला होता आणि तालुक्यातल्या अधिकाऱ्यांना तो समजावायला पणजीहून मला पाठवलं होतं. आयुष्यातलं माझं पहिलं प्रशिक्षण! सकाळपासून पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“दुखणंच म्हणा,” मी म्हटलं. “जकात घ्यायची नाही, पण माल अडवायचा. चाचणी हवी, दाखला हवा, खोका अस्साच हवा. यातले काही नियम माणसाचा जीव वाचवतात आणि काही नुसतेच आडवे येतात. कुठला नियम कुठल्या जातीचा, ते कसं ओळखायचं हे आज बघू.”

मग फळ्यावर प्रश्न लिहिले. या नियमाने कुठलं नुकसान टळतं? ते खरोखर टळतं का? आणि याहून सोपा उपाय आहे का?

नुसत्या भाषणाने माणसं पेंगतात, म्हणून मी खरा माल आणि खरी मालकीणच बोलावली होती. धारगळच्या तारामावशी. त्यांच्या बायकांच्या मंडळाची कोकमाची सोलं पहिल्यांदाच दुबईला जायची होती. मुंबई बंदराकडे जाणारा ट्रक बाहेर उभा होता, पण माल निर्यातीला योग्य असल्याचा आमच्या खात्याचा दाखला असल्याशिवाय ड्रायव्हर पोती चढवू देत नव्हता. आणि दाखला अडला होता नियमातल्या एका ओळीवर: ‘एकदा वाळवलेला माल पुन्हा भिजवू नये.’

आता सोलं कशी करतात हे त्या सभागृहात कुणाला ठाऊक नव्हतं? रतांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, साल उन्हात वाळवायची, मीठ घातलेल्या तिच्याच रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची. प्रत्येकाच्या आईने अंगणात हेच केलेलं. तरी सगुणबाबांनी या ओळीवर बोट ठेवून मावशींची पोती नापास केली होती आणि घरी जाऊन खुशाल सोलकढी प्यायले होते! राग माझ्या नाकावरच असतो, डिचोलीच्या आमच्या घरात विचारा. त्या दिवशी तर तो नाकावरून उडी मारायलाच टपला होता.

ती ओळ लिहिणारे बाबाजी साहेब, आमच्या खात्याचे वरिष्ठ, उद्घाटनाला आले होते आणि व्यासपीठावर बसले होते. मी सरळ त्यांच्याकडे वळले.

“साहेब, सोलांच्या नियमाबद्दल या प्रश्नांची उत्तरं तुम्हीच द्या.”

सगुणबाबांनी मान खाली घातली. साहेब उठून शांतपणे फळ्यापाशी आले.

“पयल्याचां उत्तर माज्याकडे असा,” ते म्हणाले. “एका व्यापाऱ्यान वजन वाडवूक सुकी सोलां मिठाच्या पाण्यात भिजयली. बोटीर बुरशी धरली. त्याचो माल परत आयलो, आणि त्याच्या वांगडा आमच्या गरीब बायकांचोय. त्या उपरांत ही वळ लिवली.”

मला वाटलं होतं, खुर्चीत बसून सुचलेलं हे एक खूळ असणार. नुकसान तर खरंच झालं होतं.

तारामावशी मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. “सायबानू, तेणी पाणी घातलां ता वजनाक. आमी रस घालतो ता सोलांक. रस नाय पाजलो तर ती नुसती साल!”

“म्हणजे भिजवण्यात काहीच वाईट नाही!” मी जवळजवळ ओरडलेच. “शेवटी ओल किती उरली, तेवढंच बघायचं!”

मग काय विचारता! खुर्च्या पुढे सरकल्या, सगळे एकदम बोलू लागले. दुबईच्या गिऱ्हाइकाने ओलाव्याची मर्यादा कळवलेलीच होती, तीच धरायची ठरलं. सगुणबाबांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि लिहिलं, ‘पोतं भरताना ओलावा मोजावा.’ साहेब म्हणाले, “माज्या सहीन आयलेली वळ माज्याच सहीन जातली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

साहेबही रंगात आले होते. त्यांनी पेन काढलं. “दी गो तारा, तो दाखलो. तुज्या हातची सोलां माका म्हायत असत. मोजूक कित्याक व्हयी?”

मावशींचा चेहरा फुलला. बाहेर ट्रकने हॉर्न दिला.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “ओळखीने सोडलेलं उद्या ओळखीनेच अडेल. मोजू या.”

“बाय,” मावशी कळवळून म्हणाल्या, “हातातोंडाशी आयलेलो घास गो!”

गेला आठवडा ढगाळ होता, हे मला बोलून गेल्यावर आठवलं. सोलं नीट वाळली नसली तर? पण आता माघार कशी घेणार? ओलावा मोजायचं यंत्र मी सगळ्यांना दाखवायला आणलंच होतं. खाली तराजू, वर दिवा. माल तापतो, ओल उडते आणि किती उडाली ते आकड्यात दिसतं. सगुणबाबांनी पोत्याच्या अगदी तळातून मूठभर सोलं काढून त्यावर ठेवली.

दिवा लागला. आंबट वास सभागृहभर पसरला. आकडा भराभर चढू लागला आणि आम्ही सगळे टेबलाभोवती माना खुपसून उभे. मर्यादा जवळ येत चालली. मावशींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. आकडा मंदावला, अजून थोडा सरकला आणि मर्यादेच्या किंचित अलीकडे थांबला. थांबला तो थांबलाच.

“पास!” ज्यांनी नापास केलं होतं, ते सगुणबाबच सगळ्यात मोठ्याने ओरडले.

साहेबांनी दाखला भरून सही केली. मावशींनी तो माझ्यापुढे धरला. “बाय, मशीनीत दिसलो तो आकडो हेच्यात लिवलो मगो?”

“लिहिलाय, मावशी. हा बघा.”

त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि साहेबांकडे पाहिलं.

“सही सायबाची,” त्या म्हणाल्या, “पुण आकडो माजो.”