दुसऱ्याच्या गाठीला हात

मुलुंडच्या आमच्या भिंतीवर मार्च महिन्यात एक कागद लागला. आमची भिंत म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये उभी केलेली, बारा मीटर उंचीची प्लायवूडची भिंत. तिच्यावर हातापायांसाठी लाल, पिवळ्या, निळ्या पकडी ठोकल्या आहेत. लांबून बघितलं तर कुणीतरी चघळलेलं च्युइंगम नेम धरून मारलंय असं वाटतं. कागदावर लिहिलं होतं, की एक तारखेपासून ज्यांना मुलांचा दोर सांभाळायचा आहे त्यांनी परीक्षा द्यायची. पास होईल त्याच्या हातात दोर, बाकीच्यांनी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या.

दर रविवारी सकाळी माझ्याकडे सात मुलं असतात. सगळ्यात धाकटी पूर्वी नऊ वर्षांची, आणि सगळ्यात मोठा चैतन्य तेरा वर्षांचा. एक जण चढतो, मी खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळतो. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, तिथून दोर भिंतीच्या माथ्यावरच्या कडीतून फिरून खाली माझ्याकडे. याला बिले म्हणतात. माणूस वर घसरला तर खालच्याने त्याला दोरावर झेलायचं, एवढंच ते काम. आठवड्यातल्या बाकीच्या सहा दिवसांत मी औषधाच्या गोळ्या आणि सोसायटीच्या मीटिंगा झेलतो. त्यामुळे हा दोर हातातून गेला तर माझ्या आठवड्यात काय उरेल, हे मला सोसायटीच्या सेक्रेटरीकडे बघून कळत होतं.

परीक्षा घेणार होती प्रांजल. ती या भिंतीची मुख्य शिक्षिका, वय वर्षं चोवीस. ती नऊ वर्षांची असताना तिला पहिली गाठ मी शिकवली होती. फॉर्म माझ्या हातात देताना ती म्हणाली, की नियम सगळ्यांना सारखा आहे, काका. मी म्हटलं, असायलाच पाहिजे. मनात म्हटलं, बघतोच.

आता जुन्या काळाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण मुलं दर रविवारी विचारतात आणि मी दर रविवारी थोडं वाढवून सांगतो. इथे न वाढवता सांगतो.

अठ्ठ्याहत्तर साली मी विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होतो. माझ्याबरोबर ॲप्रेंटिस होता वेसाव्याचा बळवंत. तीन वर्षांत त्याला कारखान्याचं छप्पर मानवलं नाही, तो परत आपल्या होडीवर गेला, पण रविवारी मुंब्र्याच्या कड्यांवर माझ्याबरोबर येत राहिला. आमचा पहिला दोर त्याच्या होडीवरचा. त्याला बोंबलाचा वास यायचा. आम्ही कड्यावर चढत असलो की खाली चार मांजरं माना वर करून बसलेली असायची, आणि ती आमच्या पडण्याचीच वाट बघतायत असं वाटायचं.

हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना अडकवायचे पट्टे, नव्हता. दोर सरळ कमरेला बांधायचा. पायात शाळेतल्या पीटीचे कॅनव्हासचे बूट. खडकाच्या भेगेत ठोकायच्या मेखा आम्ही ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांपासून जेवणाच्या सुट्टीत बनवायचो, आणि फोरमन आला की त्या बिजागऱ्या व्हायच्या. बिलेचं तंत्र म्हणजे दोर पाठीवरून, खांद्यावरून घ्यायचा आणि वरचा पडला तर आपली चामडी ब्रेक म्हणून वापरायची. माझ्या मानेवर अजून एक पट्टा आहे. नलिनी, म्हणजे माझी बायको, लग्नानंतर पुष्कळ दिवस तो जन्मखूण समजत होती.

आणि चढण्याचं तंत्र? पडायचं नाही. संपलं तंत्र. कारण होडीचा दोर ताणला जात नाही. एकदा मी मुलांना बाहेर अंगणात नेलं आणि चेंडू टाकून झेल घ्यायला लावले. हात ताठ ठेवून झेल घेतला की तळवा झणझणतो, हात थोडा मागे घेतला की चेंडू अलगद बसतो. आत्ताचे दोर झेल घेताना हात मागे घेतात, आमचा घेत नव्हता. आमच्या दोरावर पडलेला माणूस खाली जात नसे, पण मधून दोन होईल की काय असं त्याला वाटे. आजची मुलं मुद्दाम पडायला शिकतात. तासाचा पहिला अर्धा भाग नुसतं पडणं. चैतन्य तर चढण्यापेक्षा पडण्यात हुशार आहे.

याबरोबरच आमचा एक कायदा होता, आणि तो बळवंतने होडीवरून आणला होता. ज्याची गाठ त्याने मारायची. दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही, निरखूनही बघायचं नाही. त्यांच्या होडीवर कुणी दुसऱ्याची गाठ तपासली तर तो त्याच्या बापाचा अपमान समजत. बापानेच शिकवलेली असते ना गाठ. मला हे फार आवडलं होतं. गेली वीस वर्षं मी प्रत्येक मुलाला हेच शिकवत आलो. आपली गाठ नीट मारा, आणि दुसऱ्याच्या गाठीला हात लावू नका. त्याने माणूस जबाबदार होतो, असं मी सांगायचो, आणि सांगताना माझा आवाजही थोडा खाली जायचा.

परीक्षेची मी तयारी केली. हल्ली दोर खांद्यावरून घेत नाहीत. मुठीएवढा एक धातूचा डबा हार्नेसला कडीने अडकवतात, दोर त्यातून जातो. वरचा पडला की डबा आपोआप दोर आवळतो. त्याला खाली सोडायचं तर एक दांडी हळू ओढायची. हळू हा शब्द महत्त्वाचा. मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्याच्या कठड्यावरून वीस लिटरचा पाण्याचा कॅन टांगून सराव केला. पहिल्या दिवशी तो कॅन तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर जरा वेळेआधी पोचला. सेक्रेटरींनी येऊन विचारलं की लिफ्ट बंद आहे का. दोन आठवड्यांनी मात्र तो कॅन इतका अलगद उतरायला लागला की नलिनीने त्यावर दुधाची पिशवी ठेवून खाली पाठवून बघितली.

परीक्षेला चढणारा माणूस आपणच आणायचा होता. मी बळवंतला फोन केला. त्याचं वय अडुसष्ट, वजन विचारू नये. होडी आता त्याचा मुलगा बघतो, आणि हा किनाऱ्यावर बसून मुलाच्या चुका बघतो. म्हणाला, पोरगी आपल्याला पास करणार? मी म्हटलं हो. म्हणाला, मग येतो, बघण्यासारखं आहे.

रविवारी तो वेसाव्याहून आला, डब्यात कोळंबीचं लोणचं घेऊन. सातही मुलं मांडी घालून रांगेत बसली होती. प्रांजल हातात फॉर्म घेऊन भिंतीपाशी उभी. बळवंतने आयुष्यात पहिल्यांदा हार्नेस घातला. त्यात पाय घालताना तो मला जे बोलला ते मुलांना समजलं नाही, ही वेसावकर बोलीची कृपा. शेवटी हार्नेस चढला, पण त्याचं पोट आणि पट्टा यांचं एकमत होईना. पट्टा फिरून कुठल्या कुठे गेला.

आठाची गाठ मी त्याला आधीच शिकवून ठेवली होती. त्याने ती मारली. काय गाठ होती. सरळ, एकसारखी, एकही पीळ चुकलेला नाही, शेपूट मोजून वीतभर. पंचावन्न वर्षं दोरावर हात फिरवलेल्या माणसाची गाठ. मी लांबूनच मान डोलावली आणि नजर बाजूला घेतली, कायद्याप्रमाणे. मग माझा डबा, माझी कडी, माझा दोर, सगळं मी स्वतः तीनदा तपासलं. प्रांजल काही लिहीत नव्हती. नुसती वाट बघत होती. मला वाटलं, प्रभावित झाली आहे.

बळवंतने पहिल्या पकडीवर हात ठेवला.

"थांबा," पूर्वी म्हणाली.

ती रांगेतून उठून आली होती. दोन्ही हात तिने पाठीमागे घट्ट धरले होते आणि बळवंतच्या पोटाखाली वाकून बघत होती. "आजोबा," ती मला म्हणाली, "मी हात लावत नाहीये हं. पण त्यांनी ना, चॉकच्या पिशवीच्या कडीला दोर बांधलाय."

इथे समजून घ्यायला हवं. हार्नेसला पुढे दोन जाड पट्ट्या असतात, दोर त्यांतून ओवायचा. माणूस त्यांवर लटकतो. बाजूला प्लॅस्टिकची बारीक वेटोळी असतात, ती सामान अडकवायला. हाताला घाम येऊ नये म्हणून लावायच्या चॉकच्या भुकटीची पिशवी, दोनचार कड्या, बस. बळवंतचा पट्टा फिरला होता आणि बाजूचं वेटोळं नेमकं पुढे आलं होतं. त्याच्या काळात कमरेला फक्त कंबर असायची. त्याला एक गोल दिसला, त्याने बांधलं.

"ही पोर कुणाची?" बळवंतने मला विचारलं. आवाज थंड होता. त्याने खाली बघितलं, पण त्याला फक्त स्वतःचं पोट दिसलं. "माझी गाठ चुकली?"

पूर्वी म्हणाली की गाठ एकदम मस्त आहे, जागा चुकली आहे.

बळवंतला हे पटवायचं कसं ते मला कळेना. त्याच्या गाठीला हात लावायचा तर शेहेचाळीस वर्षांत तो मी कधी लावला नव्हता. तो म्हणाला, बघ तर, आणि आपला खरेपणा सिद्ध करायला जमिनीवरच उभा राहून दोरावर मागे रेलला.

बारीकसा आवाज झाला, बिस्किट मोडल्यासारखा. बळवंत भिंतीच्या पायथ्याशी अंथरलेल्या जाड गादीवर बसला. ती सुंदर गाठ, जशीच्या तशी, तुटलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यासकट हवेत झुलत राहिली.

कुणी हसलं नाही. चैतन्यसुद्धा नाही. मी वर बघितलं, बारा मीटरवर, जिथे बळवंत पाच मिनिटांनी पोचला असता. माझा डबा बंद होता, कडी बंद होती, दांडी मी हळू ओढली असती. आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला कुणी नसतं.

प्रांजल म्हणाली की त्याने दुसरा पाय जमिनीवरून उचलायच्या आत ती त्याला थांबवणार होती. परीक्षेतला पहिला मुद्दाच हा होता. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, पट्टा आणि कडी हात लावून, ओढून बघायची. तिने फॉर्मवर एक रेघ मारली. मग पेन खिशात ठेवून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मलासुद्धा तेच शिकवलं होतं, काका. बघायचं नाही म्हणून. ते विसरायला मला वर्ष लागलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही किती प्रेमाने सांगायचात ते."

मी मुलांसमोर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत मुलांना खूप गोष्टी सांगितल्या, पण ही पहिल्यांदाच न वाढवता सांगितली. म्हटलं, गाठीला हात लावू नका हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. पूर्वीने नुसतं बघितलं म्हणून बळवंतआजोबा इथे बसून लोणच्याचा डबा शोधतायत. यापुढे हात लावायचा, ओढायचं, खात्री करायची. माझीही.

चैतन्यने विचारलं की मग बाकीचं शिकवलेलं पण चुकीचं आहे का. मी म्हटलं, असू शकेल, तेही ओढून बघत जा.

तो महिना मी दोर धरला नाही. बाकावर बसलो, पण टाळ्या वाजवायला नाही. प्रत्येक मूल चढण्याआधी माझ्यासमोर येऊन हात वर करून उभं राहायचं, शिंप्याकडे माप द्यायला आल्यासारखं, आणि मी गाठ, पट्टा, कडी ओढून बघायचो. मग त्याचा जोडीदार तेच परत करायचा, आणि माझ्यापेक्षा जोरात ओढायचा. पूर्वी तर पालकांच्या बॅगांचे पट्टेही ओढून बघायला लागली. एका आईची पिशवी फाटली. तिची समजूत मी काढली.

एप्रिलमध्ये पुन्हा परीक्षा. बळवंतने येणार नाही असं फोनवर तीनदा सांगितलं आणि साडेसातला सगळ्यांच्या आधी हजर झाला. हार्नेस प्रांजलने त्याच्या मापाचा मागवून ठेवला होता. त्याने दोर पुढच्या जाड पट्ट्यांतून ओवला, गाठ मारली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी पुढे झालो. त्याच्या गाठीला हात घातला, ती पिळून बघितली, पट्टा दोन्ही बाजूंनी ओढला. बळवंतने समोरच्या पिवळ्या पकडीकडे बघत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, वेसावकर बोलीत, एकेका पिढीला नीट वेळ देऊन. मी थांबून राहिलो. चौथ्या पिढीपाशी त्याला दम लागला.

मग तो वळला, खाली वाकला, आणि माझ्या हार्नेसवरची कडी धरून त्याने अशी हिसडली की मी दोन पावलं पुढे गेलो.

"बंद आहे," तो म्हणाला. "चढू?"