तानुबाईची बशी

साहेब, तुम्ही माझ्या आजीचं नाव पुसलंत. चुकून नाही. मशीन लावून, घासून.

मी अंजली. इंदिरानगरात राहते, पोस्टात कारकून आहे. वीस वर्षं देवळालीच्या भंगारवाल्यांकडून जुनी विलायती चिनी भांडी गोळा करते. शिकवलं कुणी नाही. मागून टॉर्च धरला की अस्सल पोर्सेलीनमधून बोटांची सावली दिसते, नखानं टिचकी मारली की ते घंटेसारखं वाजतं, बुडाला ‘इंग्लंड’ छापलेलं असलं तर ते बहुधा १८९१ नंतरचं. हे सगळं फसत फसत शिकले.

पण ही बशी विकतची नव्हती. माझी आजी तानुबाई देवळालीच्या एका बंगल्यात भांडी घासायची. गोरे निघाले तेव्हा मडमेनं तिला ती दिली. फाटकावर शिपायानं धरलं, चोरीची म्हणून. मडम येऊन सांगेपर्यंत दुपारभर उन्हात उभी. दुसऱ्या दिवशी आजी तडक भांडीबाजारात गेली. नाव घालणारा म्हणाला, “बाई, हे पितळ नाय. फुटंल.”

“फुटली तर माझी फुटंल. टाक नाव.”

त्यानं काच कापायच्या हिरकणीनं टिंब टिंब करत, बुडावरच्या कारखान्याच्या निळ्या शिक्क्यावरच नाव घातलं. तानुबाई.

माझ्या आईला, चांगुणाबाईला, काचबिंदूनं आता दिसत नाही. रोज ती बशी मांडीवर उलटी घेऊन त्या टिंबांवरून बोट फिरवायची. आजीचा फोटो नाही आमच्याकडे. होतं ते एवढंच.

तुमच्या संग्रहालयाच्या तपासणी शिबिरात बशी मीच नेली. हौस माझी! शिक्का नीट वाचला जावा, कारखाना कळावा. तुमच्या माणसानं अर्ज पुढे केला, पेन्सिलीनं फुली मारलेला. पोस्टात मी रोज लोकांना सांगते, “फुलीवर सही करा.” तशीच केली. न वाचता.

पंधरा दिवसांनी तुम्ही बशी हातात दिलीत. बूड आरशासारखं गुळगुळीत.

“साहेब, नाव?”

“कसलं नाव? ओरखडे होते, मॅडम. शिक्का झाकत होते. घासून, बुजवून दिलेत. तेही फुकट! पेढे आणा.”

“माझ्या आजीचं नाव होतं ते.”

“अच्छा. कुणा मोलकरणीचा उद्योग असणार, वाटलंच मला.”

मग अर्ज दाखवलात. ‘अनावश्यक खुणा काढण्यास माझी हरकत नाही.’ खाली माझी सही, चांगली वळणदार.

तुमच्याच दालनात काचेमागे एक थाळी आहे. तिच्यावर एका बादशहाचं नाव अशाच टिंबांनी कोरलंय. पाटीवर तुम्हीच लिहिलंय, नावामुळे थाळी अमोल झाली. ती का नाही घासलीत?

घरी आईनं बशी उलटी केली. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

“अंजे, ही आपली नाय. बदलली त्यांनी.”

“तीच आहे गं.” मी टिचकी मारली. “ऐक. आवाज तोच आहे ना?”

“मला नको शिकवू. माझ्या आईला मी ओळखत नाय व्हय?”

तिनं बशी माझ्याकडे सरकवली. हात पदराला पुसले.

“ज्याची हाय त्याला देऊन ये. पुन्हा कुणी चोर म्हणंल.”

साहेब, याबद्दल तुमच्याकडे चार अर्ज केले. चारही वेळा पोच मिळाली, उत्तर नाही. बशी टेबलावर पडून आहे, आई तिला हात लावत नाही. आता तुम्हीच सांगा, ही मी कुणाला देऊन येऊ? लेखी सांगा.