अनुमोदक काशप्पा

नौबादच्या घराच्या दाराला नोटीस चिकटली, तेव्हा काशप्पा मास्तरांना वाटलं, चिकटवणाऱ्याचं दार चुकलं. शेजारच्या अमृतप्पाबद्दल हळहळायलाही त्यांनी सुरुवात केली. मग चष्मा लावला. नाव त्यांचंच होतं. पतसंस्थेचं जुनं कर्ज व्याजासकट भरा, नाहीतर घराचा लिलाव.

घरावरचं बँकेचं कर्ज कधीच फिटलं होतं, त्याचे पेढेही गल्लीत वाटून झाले होते. हे दुसरं. वीसेक वर्षांपूर्वी त्याच घराच्या तारणावर मास्तरांनी पतसंस्थेतून पैसे उचलले आणि जुनी व्हॅन घेतली. दर पौर्णिमेला भाविकांना गाणगापूरला न्यायचं, पुण्य आणि भाडं दोन्ही कमवायचं, असा बेत. तिसऱ्याच खेपेला व्हॅन हुमनाबादच्या पुढं बसली. दत्ताच्या दर्शनाला निघालेल्या मंडळींनी दिवसभर मास्तरांचंच दर्शन घेतलं, तेही शिव्यांसकट.

व्हॅन भंगारात गेली. थोडे हप्ते भरले, तेवढ्यात संचालकांची भांडणं लागली आणि संस्थेचं शटर खाली आलं. कुणी मागायला आलं नाही. मास्तरांनी कर्ज मेलं असं धरलं आणि त्याचं सुतकही पाळलं नाही.

शटर बंद असलं तरी संस्थेची वार्षिक सभा चुकत नव्हती. कायद्याला सभा लागते, सभेला सभासद लागतात आणि सभासदांना जेवण नि स्टीलचा डबा लागतो. दुसऱ्या डब्यासाठी मास्तरांनी बायकोला, गुरुबाईंनाही सभासद करून ठेवलं होतं.

नोटीस घेऊन ते अमरेश वकिलाकडे गेले. अमरेश त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळे त्याच्या हुशारीवर मास्तरांचा फारसा विश्वास नव्हता. त्यानं सांगितलं, एवढी वर्षं कुणी मागितलं नसेल आणि तुम्ही सही करून कुठं कबूल केलं नसेल, तर मुदत संपली म्हणून भांडता येईल. मास्तर खुर्चीत सैल झाले. आपण जन्मात कुणापुढं काही कबूल केलेलं नाही, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

अमरेशनं संस्थेचे कागद मागवले. पुढच्या भेटीत त्यानं ते टेबलावर पसरले.

"गुरुजी, दर सभेत थकबाकीची यादी मंजूर होती की न्हाई?"

"होत असेल."

"तिला अनुमोदन कोण देतंय?"

मास्तरांना एकदम भज्यांचा वास आठवला. ताळेबंद वाचायला घेतला की मागून तो वास यायचा, आणि अनुमोदन मिळाल्याशिवाय जेवणाची पानं मांडत नसत. तेव्हा पहिल्या रांगेतून 'मंजूर' म्हणत हात वर करणारा आणि ऐटीत सही ठोकणारा शिकलेला माणूस एकच होता. काशप्पांचं देणं खरं आहे, असं दरवर्षी काशप्पांनीच लिहून दिलं होतं. त्याच हातानं त्यांनी आयुष्यभर पोरांना, प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं म्हणून छड्या मारल्या होत्या.

"ते विसरले असते, गुरुजी," अमरेश म्हणाला. "तुम्हीच दरसाल आठवण करून द्यायलाव."

घरी त्यांनी गुरुबाईंना सगळं सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या, निवडतच राहिल्या. घर गेलं तर एवढे डबे ठेवायचे कुठं, एवढंच त्यांनी विचारलं.

संस्थेवर आता नेत्रावती नावाच्या प्रशासक आल्या होत्या. त्यांनी सगळ्याच जुन्या थकबाकीदारांसाठी योजना आणली: मुद्दल भरा, व्याज माफ, तारण मोकळं. मुद्दलापुरतं मास्तरांच्या ठेवीत होतं. व्याज धरलं तर घरच विकावं लागणार होतं. पण योजनेला सभेची मंजुरी हवी, आणि कर्जदारानं हात वर करायचा नाही.

सभेत मास्तर पहिल्या रांगेत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. ठराव वाचला गेला, एकानं मांडला. अनुमोदक कोण म्हटल्यावर सगळा हॉल सवयीनं मास्तरांकडे बघायला लागला. मास्तर पंख्याकडे बघायला लागले. आज मास्तर कामून गप बसलेत, तब्येत बरी न्हाई काय, असं मागं कुणीतरी पुटपुटलं. हात कुणाचाच वर येईना. ठराव बारगळला असं म्हणायला नेत्रावतीबाईंनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात बायकांच्या रांगेतून गुरुबाई उठल्या.

"बाई, त्यो ठराव आणखी एकदा वाचा. सावकाश."

भज्यांच्या वासात तो सावकाश वाचला गेला.

"म्हंजे मुद्दल भरलं की घर आमचं आमच्याकडं. व्हय न्हवं?"

"होय, अक्का."

"मग माझं अनुमोदन. कर्ज ह्यांचं हाय, सभासद मी येगळी हाव. आन् वाचून घेतलं, कारण आमच्या घरात कुणाला तरी ती सवय लागाय पायजे."

हॉल हसला. मास्तरही हसले, थोडे उशिरा. भजी गार होण्याच्या भीतीनं ठराव एकमतानं पास झाला.

जेवणानंतर डबे वाटायला घेतले. मास्तरांपुढं सहीची वही आली. त्यांनी चष्मा लावला आणि वही पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. रांग पार रस्त्यापर्यंत गेली.

"मास्तर, डब्याचीच सही हाय ती," वाटणारा म्हणाला.

"तेच बघायलोय," म्हणत मास्तरांनी पान उलटलं.