हॉपलोच्या बोगद्याचा लाल दांडा

क्विल्टन ते हॉपलो या मार्गावर शेवटची आगगाडी धावली तेव्हा क्लेमंट हॉबडे शाळेत होता आणि त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते. पुढे गाडीही गेली आणि केसही गेले. रूळ उपटून भंगारात विकले, खडीत काटेरी झुडपं माजली, सिग्नलच्या खांबावर कावळ्यांनी संसार थाटले. एखाद्या शहाण्या मुलखात विषय एवढ्यावर संपला असता. पण आमच्याकडे एखादी गोष्ट मेली की मगच लोकांना तिचा पुळका येतो. गाडी चालू होती तेव्हा तिच्यात चार टाळकी बसायची. ती बंद पडल्यावर तिच्या नावाने मंडळ निघालं आणि त्यात शिरायला रांग लागली.

मंडळाचं काम साधं. दर रविवारी क्विल्टनहून जुन्या मार्गाने चालत निघायचं. कुठे झाडीत बुडालेला फलाट, कुठे कंदिलाची फुटकी काच, कुठे गंजका खिळा सापडला की भोवती कोंडाळं करून "वा, वा" म्हणायचं. मग बोगदा ओलांडून हॉपलोला पोचायचं आणि तिथल्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत राहणाऱ्या डिलिस प्रॉबर्टकडे चहा-केक हाणायचा. तो केकच नसता तर निम्मं मंडळ घरीच झोपलं असतं, हे उघड आहे.

घोडं अडायचं ते बोगद्यापाशी. बोगदा अरुंद, वाकडा आणि आत काळाकुट्ट. एकदा इकडून निघालेले आणि तिकडून निघालेले सभासद मधोमध एकमेकांवर आदळले आणि एकाचं नाक फुटलं. तेव्हा मंडळाचा चिटणीस म्हणून क्लेमंटनेच तोडगा काढला. जुन्या काळी एकेरी रुळावर गाड्यांची टक्कर होऊ नये म्हणून जो नियम होता, तोच माणसांना लावायचा. एकच लाकडी दांडा, लाल रंगाचा. तो ज्याच्या हातात असेल त्यानेच बोगद्यात शिरायचं, आणि दांडा पलीकडे असेल तर अलीकडच्यांनी गप्प वाट पाहायची. "त्यापेक्षा बॅटऱ्या घेऊन जाऊ की," असं कोणीतरी सुचवलं होतं. त्याला पुढच्या निवडणुकीत पाडलं.

आणि नियम म्हणजे नियम! क्लेमंटचा सख्खा मेहुणा गारपिटीत सापडून दांड्याशिवाय आत पळाला, तर क्लेमंटने त्याला मंडळातून काढून टाकलं. हॉपलोचं टोक डिलिसच्या ताब्यात, आणि ती त्याच्याहून कडक. दांड्याविना आलेल्या पाद्रीबाबांना तिने चहा न देता आल्या पावली परत पिटाळलं होतं. "जो मार्गावर नियम पाळत नाही, तो घरात काय दिवे लावणार?" असं ती म्हणे. तिचा नवरा कुठलाच नियम पाळत नव्हता, लग्नाचासुद्धा. कधीच पळून गेला होता बिचारा. बिचारा म्हणायचं ते एवढ्यासाठी की त्याला पुन्हा तो केक मिळाला नाही.

क्लेमंटचा डिलिसवर जीव होता. हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, फक्त त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. तो पेशाने खाटीक, बायको केव्हाच वारलेली, दुकान मुलाच्या हवाली केलेलं. दर रविवारी स्वतःच्या हाताने केलेली सॉसेजं तिच्यासाठी न्यायचा. ती त्याला केकचा जाड तुकडा कापायची. यापलीकडे इतक्या वर्षांत दोघांनी फार तर पावसाबद्दल बोलणं काढलं असेल. आणि आता डिलिस घर सोडून ग्रिम्स्बीला बहिणीकडे कायमची निघाली होती.

मागच्या रविवारी सगळे गेल्यावर तिने त्याला फलाटावर गाठलं. "सोमवारी सामानाची गाडी येतेय. तुला काही बोलायचं असलं, तर आदल्या दिवशी चहाला ये. एकटा ये, मंडळाला त्या दिवशी सुट्टी दे. आणि बोगद्यातून ये, दांडा घेऊन, रीतसर. डोंगर चढून मागच्या दाराने आलास, तर मागच्या दारानेच परत घालवीन."

"येतो," क्लेमंट म्हणाला. त्या एका शब्दानेच त्याला घाम फुटला.

तर तो रविवार उजाडला. क्लेमंटने दोनदा दाढी केली, टाय बांधला, सॉसेजची लांबलचक माळ खोक्यात घातली आणि वर फीत बांधली. बोगद्याच्या तोंडाशी येतो तो काय, दांड्याची खुंटी रिकामी.

शेजारी घडीच्या खुर्चीवर मंडळाच्या अध्यक्षा थेल्मा विंटरबर्न मोजा विणत बसल्या होत्या. गळ्यात शिट्टी, मांडीवर हिरवं निशाण.

"थेल्माबाई, दांडा कुठाय?"

"गुरुवारी बेडोजला दिला होता. त्याची मेंढरं पलीकडे न्यायची होती. मेंढरं असली तरी वाहतूक ती वाहतूकच, मिस्टर हॉबडे."

बेडोज जवळच कुंपण दुरुस्त करत होता. त्याला हाक मारली.

"दांडा ना? नेला की," तो हातोडा खांद्यावर टाकत म्हणाला. "बाईंनीच हातात कोंबला. मेंढरं काही मागत नव्हती."

"मग परत का नाही आणलास?"

"मेंढरं तिकडेच राहिली चरायला. मी कशाला तंगडतोड करू? बायको मोटार घेऊन आली, तिच्यातून आलो. दांडा डिलिसच्या दाराशी छत्र्यांचं पिंप आहे ना, त्यात खोचला. दार वाजवलं, पण आत ठोकाठोकी चालली होती. खोकी बांधत होती बहुतेक."

म्हणजे काखेत कळसा अन् गावाला वळसा! दांडा डिलिसच्या उंबऱ्याशी, आणि डिलिसला त्याचा पत्ताच नाही. ती आत किटली चढवून बसली असणार, हा इकडून दांडा घेऊन येईल म्हणून. क्लेमंटने धावत जाऊन थेल्माबाईंच्या घरून फोन लावला. जायचं म्हणून डिलिसने आपला फोन कालच तोडून घेतलेला. तो धापा टाकत परत आला तेव्हा चहाची वेळ टळून चालली होती.

"अरे, तसाच जा की," बेडोज म्हणाला. "मोटार तर बायकोने नेलीय. आत आहे कोण? माझी मेंढरंसुद्धा नाहीत."

"नियम आहे."

"कोणी केला?"

"मी," क्लेमंट म्हणाला, आणि खोकं छातीशी धरून खडीवरच बसला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो धोंडा ठरावाने, एकमताने मंजूर झालेला होता. उद्या ती जाईल. रविवार येतील, केक नसेल, आणि केकचं काय घेऊन बसलात, ती नसेल.

थेल्माबाईंनी सुया खाली ठेवल्या. बाई कडक असल्या तरी दगड नव्हत्या.

"जुन्या रेल्वेत एक तोड होती," त्या म्हणाल्या. "दांडा हरवला किंवा भलत्या टोकाला अडकला, तर त्याच्या जागी एक माणूस नेमायचे. त्याच्या दंडाला लाल पट्टी बांधायचे. ती बांधली की तो माणूस हाच दांडा. त्याच्याशिवाय मार्गावर कोणीही हलायचं नाही. आणि दोन्ही टोकांच्या जबाबदार माणसांनी संमती दिल्याशिवाय ती पट्टी सुटत नाही."

त्यांनी अर्धा विणलेला लाल मोजा सुईवरून उतरवला आणि क्लेमंटच्या दंडावर चढवून गाठ मारली. "आता तुम्ही मिस्टर हॉबडे नाही. तुम्ही दांडा आहात."

"रंग तर आधीच आलाय," बेडोज त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "पण मी म्हणतो, दांडा आपल्या पायांनी कसा जाईल? दांडा कोणीतरी न्यावा लागतो."

थेल्माबाईंच्या कपाळाला आठी पडली. मुद्दा बिनतोड होता.

"मी स्वतःला घेऊन जातो!" क्लेमंट ओरडला. इतक्या मोठ्याने तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता. थेल्माबाईंनी घाबरून शिट्टी वाजवली, निशाण हलवलं, आणि दांडा बोगद्यात शिरला.

आत मिट्ट काळोख. छतातून पाणी टपकत होतं. एक हात भिंतीला लावून क्लेमंट पाठ केलेलं भाषण घोकत चालला होता. "डिलिस, इतक्या वर्षांच्या आपल्या परिचयानंतर..." वळणावर त्याच्या पोटात काहीतरी खुपसलं गेलं. खोकं फाटलं, सॉसेजची माळ त्याच्या गुडघ्यांशी लोंबली.

"कोण आहे तिकडे?" काळोखातून बाईचा आवाज आला.

चिटणीस तो चिटणीस. बोगद्यात हटकलं की खरं ते सांगायचं. "दांडा," क्लेमंट म्हणाला.

"दांडा माझ्या हातात आहे! खोटारड्या! कोण आहेस तू?"

"डिलिस?"

"क्लेमंट?" तिने रोखलेली छत्री खाली घेतली. पोटात खुपसलेलं ते त्या छत्रीचंच टोक होतं. "लाज नाही वाटत? दांड्याविना शिरलास?"

"मला पट्टी बांधलीय. मीच दांडा आहे, रीतसर. तू इथे कशी?"

डिलिसने छत्रीचं टोक खडीवर आपटलं. "किटली दोनदा आटवली मी. मग म्हटलं, गेला खड्ड्यात, कोंबड्या तरी कोंडाव्यात. त्यांना हाकायला छत्री घ्यावी म्हणून पिंपात हात घातला, तर हा दांडा हातात आला. मला वाटलं तूच ठेवून गेलास. दारसुद्धा न वाजवता. येत नाही, हे तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून. तो तुझ्या टाळक्यात घालून परत करायला निघाले होते."

"बेडोजने ठेवला. मेंढरांपायी."

"मेंढरांपायी?"

"मेंढरांपायी."

डिलिसच्या घोट्याला सॉसेजचा गार स्पर्श झाला, तिने पाय मागे घेतला.

"बोलायला येत होतास ना? मग बोल."

भाषण केव्हाच उडालं होतं. काळोखात तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा त्याला जमलं. "जाऊ नकोस, डिलिस. तू गेलीस तर मला फार एकटं वाटेल. आत्तापासूनच वाटतंय."

पाणी टपटपत राहिलं. मग डिलिसने विचारलं, "तू दांडा, तर हा माझ्या हातातला कोण?"

"मी आहे तोवर ते नुसतं लाकूड."

"आणि तुझ्याशिवाय मार्गावर कोणी हलायचं नाही?"

"नाही."

"मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

"मग मी ग्रिम्स्बीला कशी जाऊ, म्हाताऱ्या?"

दुसरा कोणी असता तर इथे गप्प बसला असता. पण क्लेमंट पडला नियमाचा माणूस. "पट्टी सुटली की जाता येईल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन्ही टोकांची संमती लागते. क्विल्टनची थेल्माबाईंकडे. हॉपलोची तुझ्याकडे."

"अस्सं," डिलिस म्हणाली, आणि वाकून अंधारात सॉसेजं गोळा करू लागली.

सोमवारी सामानाची गाडी आली. ती सडकेने येणारी, तिला कोण अडवणार? ठरल्याप्रमाणे सगळं भरून गाडी ग्रिम्स्बीला निघून गेली, फक्त डिलिसला न घेता. बहिणीकडे आता दोन कपाटं आणि छत्र्यांचं एक पिंप जास्त आहे, आणि ती अजून पत्रांतून चिडते. हॉपलोला क्लेमंटची कपाटं आली, आणि मागोमाग क्लेमंट.

थेल्माबाईंनी आपली संमती त्याच संध्याकाळी दिली होती. त्यांना मोजा पुरा करायचा होता. पण एका टोकाच्या संमतीने भागत नाही. आता दर रविवारी क्लेमंटला बोगदा ओलांडून क्विल्टनला जावं लागतं आणि सगळ्या मंडळाला आणावं लागतं. बेडोजची मेंढरं न्यायची असली तरी पुढे तोच चालतो. पट्टी विटलीय, डिलिसने ती दोनदा रफू केलीय.

चहा झाला की थेल्माबाई न चुकता विचारतात, "काय हो, हॉपलोच्या टोकाची संमती आहे का?"

"विचार चालू आहे," डिलिस म्हणते, आणि दांड्याच्या बशीत केकचा जाड तुकडा वाढते.