यॅरोचे लाड

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण झाडाला काय मानवतं याचा त्यांना गंध नव्हता. बायको गेली आणि दुकानामागच्या खडीच्या पट्टीची निगा त्यांच्या अंगावर पडली. तिथे तिचा पांढरा यॅरो होता. झालरीसारखी पानं, वर बारीक फुलांचे चपटे झुबके. धाकट्या बहिणीने दिलेल्या मुळाच्या तुकड्यापासून तिने तो वाढवला होता. थंडी म्हणा, ऊन म्हणा, कशानेही तो हटला नव्हता.

मास्तर इरेला पेटले. बाई गेली, निदान झाड तरी जाऊ द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी, दर आठवड्याला खत. यॅरो माजला, हातभर वाढला आणि आडवा झाला. त्यांनी काठ्या रोवून अस्तराच्या पट्ट्यांनी दांडे बांधले. पानं पिवळी पडली, तर पाणी आणखी वाढवलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मेहुणी आली तेव्हा तिने नुसता हात लावला, तर बुंधा चिखलातून सुटून आला. मुळं कुजली होती. कडेला एकच कोंब तग धरून होता. हे झाड खडीतच सुखी असतं, याला खत नको की रोज पाणी नको, असं तिने समजावलं.

"लाडाने गेलं हो ते, भाऊजी. मनाला लावून घेऊ नका."

मास्तर पायरीवर बसले. हुंदका आवरेना.

"पोटात दुखतंय म्हणून तिने मला दोनदा सांगितलं होतं. लग्नाचे कपडे द्यायचे होते. मी म्हटलं, आधी काज-बटणं उरक, मग डॉक्टरकडे जाऊ."

मेहुणीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई तर म्हणाली होती, मीच अंगावर काढलं, त्यांना कळूच दिलं नाही."

"खोटं बोलली ती. माझ्यासाठी."

मेहुणीने तो कोंब मुळासकट उकरला आणि रुमालात गुंडाळला.

"हा मी नेते. तुमच्याकडे नको."

इतक्या वर्षांत 'येते' म्हटल्याशिवाय ती कधी या घरातून निघाली नव्हती. आज तशीच गेली. मास्तरांनी तिला अडवलं नाही.