सीटखालचा कॉम्प्युटर

वाल्मीक शिरसाठला त्या व्हॅनचा इतका वीट आला होता की पेठ नाक्यावरच्या आपल्या गॅरेजचं शटर उघडल्यावर तो आधी तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. एक तर उन्हाळा, त्यात चष्म्याचा नंबर वाढलेला, आणि वर हे वायरींचं जंजाळ. इंजिन बसवणारे मिस्त्री केव्हाच सुटले होते. त्यांचं काय जातं? बोल्ट आवळले, हात पुसले, चहा प्यायले आणि चालू लागले. पुढचं सगळं निस्तरायचं ते इलेक्ट्रिशियनने.

व्हॅन वैष्णवीची. नवरा अंबडच्या कंपनीत पाळीवर, आणि ही पहाटे पंचवटीच्या मार्केटातून भाजी भरून गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटशी विकायची. जुनं इंजिन जाम झालं म्हणून तिने अपघातातल्या एका गाडीचं नव्या मॉडेलचं इंजिन आणलं होतं. जुन्याला कार्बुरेटर, नव्याला कॉम्प्युटर. इथेच सगळी मेख होती.

"वाल्मीकभाऊ, सोप्यातलं सोपं करा," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"करतो की. मग रोज माझ्या दारात यायची तयारी ठेवा."

त्याने तिला समजावून सांगितलं. जुन्या वायरिंगला नव्या इंजिनाच्या चार तारा कशाबशा जोडल्या तर गाडी सुरू होईल आणि पहिल्याच खड्ड्यात बसेल. बाजारात सुटा कॉम्प्युटर मिळतो, लॅपटॉप लावून सेट करायचा. पण तो शर्यतींचा शौक असलेल्यांचा खेळ, भाजीवाल्यांचा नाही. राहता राहिलं एकच. अपघातातल्या गाडीचं अख्खं वायरिंग आणायचं, तिचाच कॉम्प्युटर आणि तिचीच किल्ली. किल्लीत चिप असते. कॉम्प्युटरला ती ओळखीची वाटली नाही तर तो इंजिन सुरूच होऊ देत नाही.

"म्हणजे नवरा-बायकोची जोडीच म्हणा," वैष्णवी हसली.

"जोडी आहे खरी. पण ही रुसली तर समजूत काढता येत नाही."

भंगारवाल्याने वायरिंग काढताना घाईत कुठेकुठे कोयताच चालवला होता. वाल्मीक दिवसेंदिवस एकेक तार मीटरने तपासत बसला. पाठीचा काटा ढिला झाला. घाई अशासाठी की सोसायटीच्या कमिटीने वैष्णवीला बजावलं होतं: सोमवारी गाडी गेटवर दिसली नाही तर जागा दुसऱ्याला. हातगाडी नको, टोपल्या नकोत, गाडीच पाहिजे. दुसरा भाजीवाला टेम्पो घेऊन टपलेलाच होता. ती जागा वैष्णवीने तीन पावसाळे उभं राहून कमावली होती, आणि ती गेली तर घर एका पगारावर येणार होतं.

शनिवारी शेवटचं काम उरलं. मूळ गाडीत कॉम्प्युटर डॅशबोर्डच्या मागे असतो, कोरड्यात. पण व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे तारा तिथवर पोचेनात. प्रत्येक तार कापा, लांबवा, सोल्डर मारा, वर नळी चढवा. वाल्मीकने तो गुच्छ हातात घेतला, पाहिला आणि खाली ठेवला. आता नाही होत बाबा, त्याने मनाशीच म्हटलं. मग सीटखालीच, इंजिनाच्या शेजारी, पत्र्याची पट्टी मारून त्याने कॉम्प्युटरचा डबा बसवला. दुसरा कोणी असं करताना दिसला असता तर वाल्मीक त्याला वाटेल ते बोलला असता.

रविवारी दुपारी इंजिन एका हाकेत उठलं. आवाज असा मऊ की वैष्णवीचे डोळेच भरले. तिने सासूला, वत्सलाबाईंना, ताट घेऊन यायला सांगून ठेवलं होतं. नवी गाडी काय आणि नवं इंजिन काय, पूजा झाल्याशिवाय रस्त्यावर नाही, हा त्यांच्या घरचा नेम. म्हातारी दोन्ही गुडघ्यांवर हात टेकत आत आली, उचललेल्या सीटखाली डोकावली आणि विचारलं, "यात देव कुठला म्हणायचा रे बाबा?"

वाल्मीक खुशीत होता. त्याने डब्यावर बोट ठेवलं. "मावशी, हा मेंदू. हा चालला की सगळं चाललं."

एवढं बोलून तो हात धुवायला मागे गेला. वैष्णवी पेढे घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. तो साबण चोळत असतानाच इंजिनाने ठसका दिला, पुन्हा दिला आणि ते बंद पडलं.

येऊन पाहतो तर डब्यावर हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि सगळीकडून टपटप पाणी. वत्सलाबाईंनी चाकाला थेंबही दिला नव्हता. रामकुंडावरून तांब्यात आणलेलं सगळं पाणी आणि वर अख्ख्या नारळाचं पाणी त्यांनी त्या मेंदूवर घातलं होतं, आणि हात जोडून उभ्या होत्या.

वाल्मीकने डबा काढला, उघडला, उलटा केला. आतून गोडसर वासाचं पाणी सांडलं. उन्हात ठेवला, हवा मारली, परत लावला. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचा दिवा नुसता लुकलुकायचा.

मग त्याचा तोल गेला. "मावशी, अक्कल गहाण ठेवलीत का हो? इतक्या दिवसांची मेहनत बुडवलीत. उद्या सुनेची जागा जाईल ना, ती तुमच्या हातच्या पाण्यामुळे जाईल, लक्षात ठेवा."

पेढ्यांचा पुडा घेऊन वैष्णवी दारातच उभी होती. वत्सलाबाईंनी ताट उचललं, पदराने पुसलं आणि त्या रिक्षात जाऊन बसल्या.

वाल्मीकने ओळखीतले सगळे भंगारवाले फोनवर पालथे घातले. मालेगावात एकाकडे कॉम्प्युटर आणि किल्लीची जोडी निघाली. पण ती एसटीने सोमवारी दुपारी पोचणार, म्हणजे सकाळ हातची गेलीच. घरी त्याला जेवण गोड लागलं नाही. डबा कुठे लावायचा असतो ते मावशीला नाही, त्याला माहीत होतं.

सोमवारी तो शटर उघडतोय तोच वैष्णवी आली. चेहरा उतरलेला. "आई घरात नाहीत. काल जेवल्याही नाहीत. मी रामकुंडापर्यंत बघून आले."

वाल्मीकच्या मनात नको नको ते आलं. एवढ्यात तिचा फोन वाजला. सोसायटीचा वॉचमन भिकन बोलत होता. "ताई, तुमच्या सासूबाई इथं येऊन बसल्यात. या लवकर."

वाल्मीकने स्कूटर काढली. दोघं पोचले तेव्हा गेटच्या बाजूला, व्हॅन उभी राहायची बरोब्बर त्याच जागी, वत्सलाबाई जमिनीवर बसल्या होत्या. पुढे मेथीची आणि कोथिंबिरीची अशा दोन टोपल्या. पलीकडे दुसऱ्याचा टेम्पो इंजिन चालू ठेवून उभा होता.

"सेक्रेटरी साहेबांनी दोनदा उठवलं," भिकन म्हणाला. "उठतच नाहीत. गाडी येतेय, तवर जागा धरते, म्हणतात. शेवटी साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत बसू द्या."

वैष्णवी सासूला बिलगून खाली बसली. वाल्मीक उभाच राहिला. ऊन वर आलं होतं आणि मेथीने माना टाकल्या होत्या. टोपलीशेजारी पाण्याची बाटली भरलेली, झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

"मावशी, भाजी सुकतेय. पाणी नाही मारलं?"

"नाय मारलं," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं पाणी आता कशालाच नको."

वाल्मीकला भर रस्त्यात स्वतःची लाज वाटली. तो उकिडवा बसला. "मावशी, चूक माझी होती. तो डबा वर, कोरड्यात लावायचा असतो. मी कंटाळा केला. दुपारी दुसरा येतोय, तो बरोबर जागी लावतो. संध्याकाळी गाडी इथे उभी असेल."

वत्सलाबाईंनी मान वर केली. "मग काल का नाय म्हणलास?"

त्याने बाटलीचं झाकण उघडलं आणि बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पदराखालून काढले नाहीत.

"तूच मार," त्या म्हणाल्या, आणि समोर येऊन थांबलेल्या बाईला मेथीचा भाव सांगू लागल्या.